हातभर फळी

डिसेंबरचे ऊन सियोनवाडीत येते ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे, वहाणा बाहेर काढून, पाऊल न वाजवता. आधी देवळाच्या लाल कौलांवर टेकते. मग निलगिरीच्या पांढुरक्या खोडांवर, मग हरभऱ्याच्या दवभिजल्या शिवारावर. आणि सर्वांत शेवटी, संकोचत संकोचत, शांतवन मिस्त्रींच्या पडवीतल्या बाजेवर.

पीतवर्ण ऊन, क्षीणबल ऊन, ऊब कमी आणि आठवण अधिक असलेले ऊन. ज्वारीच्या कणसांत दूध भरत होते. घराघरांतून तळणीचा गंध येत होता. दारोदारी बांबूच्या कामट्यांच्या, पतंगी कागदाच्या चांदण्या वाऱ्यावर हेलकावत होत्या. दिवसाच्या उजेडात त्या मलूल दिसत, काळोखाची वाट पाहत.

नाताळ उद्यावर आला होता.

बाजेवर शांतवन मिस्त्री पडून होते. शहाऐंशी वर्षांचा शुष्क, शुभ्र, हलका देह. रंध्याखालून निघालेल्या ढलपीसारखा वळलेला आणि ढलपीसारखाच पारदर्शक. चाळीस वर्षे त्यांनी मिशनच्या दवाखान्यात सुतारकाम केले. खाटा केल्या, कुबड्या केल्या, औषधांची कपाटे केली. आणि वस्तीत जो जो मेला, त्याच्यासाठी पेटी केली. सियोनवाडीत जन्मलेल्याला पाळणा शेजारपाजारचा मिळे. पेटी मात्र प्रत्येकाची स्वतःची, मापाची, शांतवन मिस्त्रींच्या हातची.

सकाळच्या बसने त्यांची धाकटी लेक सुवार्ता सोलापुराहून आली. अठ्ठावन्न वर्षांची, निवृत्त शिक्षिका. पिशवीत राखी रंगाची लोकरी शाल. दर नाताळी ती बापासाठी काहीतरी भारी आणी. एका वर्षी रेडिओ, एका वर्षी घड्याळ, एका वर्षी कानटोपीसह स्वेटर. ते सारे बाप निमूट घेई, निमूट वापरी. आणि दर नाताळी, त्या वस्तूच्या आडून, एक क्षमा मागायची असा निश्चय करून ती येई, आणि ती न मागताच परत जाई. यंदा डॉक्टरांनी थोरल्या बहिणीला सांगितले होते की आता दिवस मोजकेच आहेत. यंदा शाल निमित्त होती.

थोरली बहीण करुणा दारातच उभी होती, हातांना पीठ, कपाळावर घामाची रेघ. लग्न न करता ती बापापाशी राहिली होती आणि बोलण्यात तिखट झाली होती.

“आलीस? मला वाटलं, यंदा शाल पोस्टानं येईल आणि तू मागून फोन करशील.”

सुवार्ता हसली. करुणेने तिच्या तळहातावर एक करंजी ठेवली. तळताना फुटलेली, सारण सांडलेली.

“फुटकी तुला. चांगल्या उद्या येणाऱ्यांना.”

सुवार्ता करंजी खात पडवीच्या खिडकीपाशी गेली. आणि तिथे, दर वर्षीप्रमाणे, करंजी तिच्या हातातच राहिली.

खिडकीत नोहाचे तारू उभे होते.

वीतभर उंचीचे, आंब्याच्या लाकडाचे, छपराला छोटी दारे असलेले तारू. आणि त्याच्याकडे निघालेली ती मूक, मंद, मनोहर मिरवणूक. हत्ती दोन, उंट दोन. सिंह दोन, मोर दोन. हरणे, ससे, कासवे, खारी. जोडीने आलेले, जोडीने उभे. फक्त छपरावर एक कबुतर होते, आणि ते एकटे होते.

किती दूरचे ते नाताळ. किती जवळचा त्यांचा गंध.

देवळात सुरूचे झाड उभे राही आणि पाळकसाहेब एकेका मुलाचे नाव पुकारत. प्रत्येकाला सारखेच मिळे: एक संत्रे, एक पेन्सिल, आणि दूरदेशीच्या खोक्यातून आलेले लोकरी मोजे, जे त्या तप्त मुलखात कुणीही कधी घातले नाहीत. पण त्याआधी, पहाटेच्या धूसर निळाईत, घरी खरा नाताळ उजाडून गेलेला असे. डोळा उघडण्यापूर्वी हात उशाखाली जाई. हाताला जुन्या वर्तमानपत्राचे पुडके लागे, सुतळीने बांधलेले. सुतळी सुटे आणि जवसाच्या तेलाचा तो ताजा, तुरट, तरल वास अंथरुणभर पसरे.

हत्ती काजळीने काळा झालेला असे. उंटाला गेरू, सिंहाच्या आयाळीला हळद. मोराच्या पिसाऱ्याला आईच्या कपड्यांची नीळ. एक प्राणी करुणेच्या उशाशी, त्याचा जोडीदार सुवार्तेच्या. बाप जोडी फोडून देई, म्हणजे सकाळी बहिणी कितीही भांडल्या तरी दुपारपर्यंत त्यांना एकत्र यावेच लागे. दोघी आपापले जनावर घेऊन खिडकीशी येत, तारवासमोर ठेवत. जोडी जमे, आणि सण पुरा होई.

काही वर्षी एक जोडी आली, काही वर्षी दोन. ज्या वर्षी वस्तीत गोवर आला, त्या वर्षी चार जोड्या आल्या. हरणे, ससे, कासवे, खारी. दोघी बहिणी टाळ्या पिटत अंगणभर नाचल्या. लाकूड कुठून आले, हे मुले विचारत नाहीत. चंद्र कुठून आला, हे तरी ती कुठे विचारतात?

मग सुवार्ता दहा वर्षांची झाली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस घटसर्प आला.

दवाखान्यातल्या माळ्याची मुलगी सगुणा तिच्याच बाकावर बसे. दोघींची एकच दौत, एकच दुपारचा डबा, चिंचा लपवायची एकच जागा. तीन दिवसांत सगुणेचा गळा आवळत गेला आणि चौथ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या पडवीत तिची पेटी तयार झाली. पांढरे कापड अजून ठोकायचे होते. सुवार्ता कुणाच्या नकळत तिथे गेली. पायथ्याच्या फळीत एक तांबूस शीर होती; उन्हाळ्यातल्या नदीसारखी वळत वळत कडेपर्यंत गेलेली, आणि कडेला मध्येच तुटलेली. सुवार्तेने त्या शिरेवरून बोट फिरवले. जिथे फळी संपली, तिथे शीर संपली, तिथे बोट थांबले.

त्या नाताळी उशाशी कबुतर आले, त्याचा जोडीदार करुणेच्या उशाशी.

केवढे सुकुमार होते ते. मुठीत मावणारे, मान किंचित कलती, रंग मुळीच न लावलेले. पंखाच्या टोकापासून पाठीवर एक तांबूस शीर गेली होती, वळत वळत, जिथे तुटली होती तिथूनच पुढे निघालेली.

तिने ओळखली. दहा वर्षांच्या बोटाने ती अंधारातही ओळखली असती.

आणि मग हत्तीमागे, उंटामागे, गोवराच्या वर्षीच्या त्या चार जोड्यांमागे पेट्याच पेट्या दिसू लागल्या. तीच फळी. तीच करवत. ती धावत बापाच्या कामाच्या जागी गेली. शांतवन मिस्त्री बाकड्याशी उभे होते, कानावर पेन्सिल, ओठांवर लेकीच्या कौतुकाची वाट पाहणारे हसू. तिने कबुतर बाकड्यावर ठेवले आणि म्हटले:

“मेलेल्यांचं उष्टं आम्हाला देता?”

बापाने फक्त कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली; पुन्हा ती कानावर चढली नाही.

त्यानंतर नाताळ येत राहिले. उशाशी पुडके आले नाही. खाटा होत राहिल्या, कुबड्या होत राहिल्या, पेट्या होत राहिल्या. हत्तीनंतरचे, मोरानंतरचे, कबुतरानंतरचे कोणतेही जनावर त्या घरी पुन्हा जन्मले नाही. अठ्ठेचाळीस वर्षे ते वाक्य त्या घरात एखाद्या न हलवलेल्या कपाटासारखे उभे होते. सगळे त्याला वळसा घालून चालत.

दुपारी चुलीपाशी करुणेने झारा निथळवत, बहिणीकडे न बघता, एकदाच विषय काढला. “तुझ्या एका बोलण्यानं माझ्याही उशाचं पुडकं गेलं. हे तुझ्या कधी ध्यानात आलं का?”

सुवार्तेच्या ध्यानात ते कधीच आले नव्हते. आपल्या अपराधाचे ओझे वाहताना दुसऱ्याचे रिकामे हात तिला दिसले नव्हते. तिने बहिणीच्या पिठाळ मनगटाला स्पर्श केला. करुणेने हात काढून घेतला नाही. म्हणाली, जे बोलायचे ते आजच बोल, उद्या सणाची वर्दळ आहे.

ऊन कलले, तसे शांतवन मिस्त्री जागे झाले. त्यांनी दोघींना बोलावले आणि माळ्यावरची लांब फळी खाली काढायला सांगितली.

करुणा जाणून होती. शाळेच्या अंगणातला आंबा बारा वर्षांपूर्वी वादळात पडला, तेव्हा बापाने त्याच्या पाच फळ्या काढून माळ्यावर ठेवल्या होत्या, स्वतःसाठी. त्या आंब्याखाली दोघी लेकी खेळल्या होत्या, सगुणा खेळली होती. आता दवाखान्यात शहरातून तयार पेट्या येत, पातळ, चकचकीत, एकाच मापाच्या. त्या त्यांना नको होत्या.

बहिणींनी सर्वांत लांब फळी उतरवली. बाजेशेजारी आडवी ठेवली, पुसली. धुळीखालून लाकडाचा मधाळ, मंद, मावळता रंग उमलला. म्हाताऱ्याने पडल्या पडल्या तिच्यावरून तळवा फिरवला, झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग सुतळी मागितली.

टेप आणू का, असे सुवार्तेने विचारले. करुणेनेच उत्तर दिले. पेटीचे माप टेपने घेत नाहीत. टेप खाटांना, टेप पाळण्यांना. पेटीला सुतळी. एका माणसाची एक सुतळी, एक गाठ, आणि शेवटी ती सुतळी ज्याची त्याच्याबरोबर मातीत. पुन्हा कुणाला ते माप लागू नये म्हणून.

“पण बाबा,” करुणा म्हणाली, “नाताळच्या आदल्या दिवशी कुणी पेटीचं माप घेतं का?”

“सणालाच तुम्ही दोघी घरात असता,” म्हातारा म्हणाला. “सुतळीला टोकं दोन.”

करुणेने एक टोक मस्तकाशी धरले. दुसरे टोक सुवार्तेकडे आले. ती बापाच्या पायांशी बसली. किती थंड होते ते पाय. भेगांनी भरलेले, कोरड्या ओढ्याच्या पात्रासारखे. सुतळी ताणायची होती. तिच्याने ताणवेना. सुतळी थरथरत राहिली, उन्हात, दोन बहिणींच्या मध्ये, एका जित्या देहावरून.

“बाबा,” ती म्हणाली, “मी तेव्हा जे बोलले...”

“उष्टं म्हणालीस.”

शब्द त्यांच्यापाशीच होता. अठ्ठेचाळीस वर्षे जपलेला, गंज न चढलेला.

“लागलं होतं ते,” म्हातारा म्हणाला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आणि लपवाछपवीही नव्हती.

मग ते सावकाश, श्वासाश्वासाला थांबत, सांगू लागले. ज्या उस्तादापाशी ते काम शिकले, त्याचा एक नेम होता: पेटीचे उरलेले लाकूड चुलीत घालायचे नाही. ढलप्या पेटीतच अंथरायच्या, मृताच्या पाठीखाली, मऊ म्हणून. तुकडे विहिरीत सोडायचे. पण शांतवनच्याने ते विहिरीत सोडवेनात. लहानग्यांची पेटी केली की फळी थोडी अधिक उरे. ज्या फळीवर आपले डोळे गळले, ती बुडवायची कशी? तिला हाताळणारे कुणीतरी हवे. हसणारे, भांडणारे, उशाशी घेऊन झोपणारे कुणीतरी. त्यांनी खिडकीकडे बोट केले. ज्या रुंद फळीवर तारू उभे होते, ती त्यांच्या बायकोच्या पेटीतून उरलेली होती. सुवार्ता आई गेल्यापासून, चोवीस वर्षे, दर सणाला त्या फळीवर कोपर टेकून बाहेर बघत आली होती.

“सगुणाची फळी हातभर उरली,” ते म्हणाले. “तू आठ दिवस धड जेवली नव्हतीस. म्हटलं, तिचं काहीतरी पोरीच्या हातात राहील.”

बाहेर वाऱ्याने चांदणी फडफडली.

तिने बाकड्यावर ठेवलेले ते कबुतर त्या नाताळच्या संध्याकाळीच त्यांनी सगुणेच्या मातीवर नेऊन ठेवले होते. पुढच्या पावसाने ते नेले. माती ओल्या लाकडाला ठेवत नाही. त्यानंतर कितीदा पटाशी हातात घेतली, कितीदा ठेवली. उरलेले तुकडे विहिरीत सोडले, उस्तादाच्या नेमाप्रमाणे, एक बायकोची फळी सोडून. आणि प्रत्येक तुकडा पाण्यावर काही वेळ तरंगत राही, तेवढा वेळ ते काठावर उभे राहत.

“मग वाटायचं, पोर खरं बोलली. मेलेल्यांचं जित्यांच्या हाती देऊ नये.” म्हाताऱ्याने मान उचलायचा प्रयत्न केला, जमले नाही. “चुकलं का गं माझं?”

किती वर्षे ती क्षमा मागायला येत होती. आणि पाहा, क्षमा मागणारा तर इथे, बाजेवर, तिच्याआधी येऊन बसला होता.

शब्द तिच्यापाशी पुष्कळ होते. सारा जन्म तिने मुलांना शब्दच शिकवले होते. पण आता ते तिने बाजूला ठेवले. तिने सुतळी ताणली. अंगठ्याशी नीट धरली, गाठ मारली. करुणेने वरचे टोक सोडले. मग सुवार्तेने ती सुतळी फळीवर अंथरली, या टोकापासून त्या टोकाकडे, हळुवार, सरळ, आणि जिथे गाठ आली तिथे बोट ठेवले.

गाठीपुढे फळी उरत होती. बारा वर्षांपूर्वी काढली तेव्हा ती मापाहून वीतभरच लांब होती. देह मधल्या काळात आखडला होता, आटला होता, मावळला होता. आणि जेवढा तो मावळला, तेवढी फळी अधिक उरली होती. हातभर.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज दहा वर्षांच्या मुलीचा होता. “हे हातभर उरतंय. हे मला द्या.”

म्हाताऱ्याने मान तिच्याकडे वळवली.

“काय करशील?”

“कबुतर. ताईचं एकटं आहे.”

“माझ्याच्यानं आता कोरवत नाही, सुवार्ते.”

“तुम्ही रेघ मारून द्या. कोरायला मी शिकते.”

“हिला अजून भाकरी गोल येत नाही,” करुणा म्हणाली, “आणि ही कबुतर कोरणार.” आणि पदराने डोळे पुसायला ती उजेडाकडे पाठ करून उभी राहिली.

म्हाताऱ्याच्या तोंडावर काहीतरी हलले. ते हसू होते की नुसता श्वास, सांगता येणार नाही. त्यांनी पेन्सिल मागितली. हातात आली, तशी जुन्या सवयीने आधी कानावर ठेवली. तिथे ती क्षणभर राहिली, आपल्या जागी, अठ्ठेचाळीस वर्षांनी. मग त्यांनी ती काढली. दोघी लेकींनी फळी कलती करून त्यांच्या छातीशी धरली.

रेघ निघाली. कापरी, तुटक, थकलेली रेघ. आधी मान आली, किंचित कलती. मग चोच. मग पंखाची वळणदार कड. तिथे हात घसरला, आणि पंख होता त्याहून मोठा झाला. म्हातारा थांबला, दम घेतला, पुन्हा पेन्सिल टेकवली, पुन्हा थांबला.

“शेपटी राहिली,” ते म्हणाले. “उद्या.”

आणि त्यांनी डोळे मिटले. करुणेने वाकून श्वास ऐकला, चालू होता. उसाच्या फडातून येणाऱ्या वाऱ्यासारखा, दूरचा, खरखरता. सुवार्तेने पिशवीतली राखी शाल काढली आणि त्यांच्या पायांवर घातली, त्या थंड, भेगाळ पायांवर, जिथे आत्ताच तिने माप धरले होते.

ऊन आले तसेच निघाले. वहाणा हातात घेऊन, पाऊल न वाजवता. बाजेवरून उतरले, निलगिरीवरून उतरले, देवळाच्या कौलांवर किंचित रेंगाळले. दारोदारी दिवे लागले, आणि दिवसभर मलूल लोंबणाऱ्या कागदी चांदण्या एकेक करून आतून उजळल्या. लाल, हिरव्या, केशरी.

तो रंगीत उजेड पडवीत आला, आणि फळीवर पडला. गाठीच्या अलीकडे लांब, कोरी, मातीत जायची फळी. गाठीच्या पलीकडे हातभर लाकूड, आणि त्यावर एक कबुतर, मान कलती, पंख उघडा, शेपटीविना. खिडकीत, तारवाच्या छपरावर, त्याचा जोडीदार उभा होता. दोघांच्या मध्ये, फळीच्या कडेवरून लोंबणारी सुतळी वाऱ्यावर हलत होती. हलत होती, थांबत होती, हलत होती.